मागं घेतलेली तारीख

२५ ऑक्टोबर २००३, शनिवार

रव्याच्या डोक्यात टामी घातली. विजयसिंहानं. ट्रकचं चाक खोलायची लोखंडी टामी असते, ती. एकदा घालून भागलं नाही म्हणून खाली पडल्यावर परत घातली.

वजनकाट्याच्या ऑफिससमोर लक्ष्मीपूजनाची रांगोळी होती, रव्या तिच्यावरच पडलेला. मी पोचले तेव्हा हमाल लांब उभे होते, कुणी हात लावेना. काटा राजेश्वरअप्पांचा, आईच्या चुलतभावाचा; रव्या, आमचा धाकटा, तिथं वजनं घ्यायचा. ते हातात पूजेचं ताट घेऊन तसेच उभे. मी ते ताट उडवलं आणि म्हटलं जीप आणा.

जीपमध्ये त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ओढणी बांधली, ती भिजली. मग दादानं सदरा काढून दिला. केज मागं पडेपर्यंत रव्या शुद्धीवर होता. "ताई, ट्रालीत मानसं बसल्याली. उतरवा म्हनलो, मंग वजन घेतो. एवढंच म्हनलो." मग म्हणाला, "इजयसिंग." त्यानंतर काही नाही.

अंबाजोगाईच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहिते आहे. आई आत आहे. माझ्या नखांत रक्त वाळलंय, त्यात रांगोळीचा गुलाबी रंग. मला विजयसिंह आत्ता समोर पाहिजे. दातांनी फाडेन त्याला.

२६ ऑक्टोबर, रविवार

पाडवा. डोक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात, वाट बघा.

वैजूदादानं भिंतीवर बुक्क्या मारून हात सोलून घेतला. नर्स ओरडली, तर तिच्यावरच धावला. मी त्याला बाहेर ओढलं आणि सांगितलं — पुरावा आहे. काट्यावरचा वजनाचा प्रोग्राम मी लिहिलाय. गाडी काट्यावर चढली की पावती निघो न निघो, गाडीचा नंबर, वजन आणि वेळ एका फाइलमध्ये पडते. तिला लॉग म्हणतात. प्रोग्रामनं स्वतःसाठी ठेवलेली रोजनिशीच ती, दर दिवसाची वेगळी. ती लिहिण्याचं काम एक लायब्ररी करते, म्हणजे जावा ह्या कॉम्प्युटरच्या भाषेतला तयार कोड. मी लिहिलेली नाही ती. देशोदेशीची माणसं मिळून लिहितात, कोड सगळ्यांना उघडा, फुकट. मी फक्त जोडली.

विजयसिंह म्हणतोय म्हणे, काल धारूरला सासुरवाडीत होतो, दिवाळसणाला. बाप राधाकिशन तालुक्यातला पुढारी, तेव्हा शंभर जण होय म्हणतील. म्हणू देत. नवा ट्रॅक्टर विजयसिंह दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही हे सगळ्या मोंढ्याला, अख्ख्या धान्यबाजाराला माहीत आहे. आणि ट्रॅक्टर काट्यावर होता हे लॉग सांगेल.

दादा म्हणाला, "मशीन सांगंल?" म्हटलं, मशीन राधाकिशनला भीत नाही.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

फाइल रिकामी! रिकामी म्हणजे एक ओळ. २५ तारखेच्या फाइलमध्ये संध्याकाळचं एका पोत्याचं वजन, बाकी काही नाही. दिवसभर गाड्या चढल्या-उतरल्या, त्यातली एक नाही.

अप्पांना विचारलं. ते आधी देवाच्या फोटोकडं बघत बसले. मग म्हणाले, "लक्ष्मीपूजन ऱ्हायलं होतं पोरी. रगत सांडल्यालं, कुटं पूजा करावं? पन सालाचं पयलं माप मुहूर्तावर पडाया पायजे. पावतीवर मुहूर्ताचा टाइम पायजे, तीच लक्ष्मीम्होरं ठिवतेत." मग रविवारी सकाळी त्यांनी कॉम्प्युटरची तारीख मागं घेतली, शनिवारची संध्याकाळ केली. पोतं मोजलं, पावती काढली, हळदकुंकू लावलं. आणि तारीख तशीच मागं ठेवून मशीन बंद केलं — पूजेनंतर लक्ष्मीला विसावा द्यायचा असतो म्हणे. सोमवारी चालू करताना तारीख पुढं आणली.

तारीख बदलायला कुणी शिकवलं, विचारलं. "रवीनंच की. गेल्या साली लाइट नव्हती, मुहूर्त हुकला, तवा त्यानं करून दावलं."

मी अप्पांची कॉलर धरली. साठीचा माणूस, मला खांद्यावर खेळवलेला. गुंडी तुटून हातात आली. माझा रव्या तिकडं नळ्यांत पडलाय आणि ह्यांनी मुहूर्त साधला!

२९ ऑक्टोबर, बुधवार

ठाण्यात जाऊन आले. फौजदार वाईट नाही, पण त्याच्यासमोर आमच्या कागदाआधी त्यांचा कागद पोचलेला. त्यात लिहिलंय की काट्यात चोरी चालायची, शेतकरी चिडले, जमावानं पोराला मारलं, आणि विजयसिंह गावातच नव्हता. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

मी लॉगचं सांगितलं. फौजदार म्हणाला, "मग दाखवा." दाखवायला काय आहे? पुसली गेली म्हटलं. तो पेन ठेवून म्हणाला, "पुसली गेली का पुसली? बाई, चोरी नसती तर पुसायचं कारण काय?"

पाटी फोडावीशी वाटली त्याच्या टेबलावरची. हात मांडीखाली दाबून बसले.

१ नोव्हेंबर, शनिवार

दादानं आमच्या किराणा दुकानातली कत्ती घासली. गुळाची ढेप फोडायची, लाकडी मुठीची. बायको-पोरांसमोर घासत होता, पोरं बघत होती. वहिनी रडायला लागली तर तिला म्हणाला, "उठ. चहा कर."

मी म्हटलं, काय करणार आहेस? म्हणाला, "त्यानं जे केलं तेच."

खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं. आतून गरम वाटलं.

मग वहिनीकडं बघितलं, पोरांकडं बघितलं. दादा जेलात, रव्या दवाखान्यात, दुकान बंद. आणि वर लोक म्हणणार, चोर ते चोर आणि खुनी पण. मी कत्तीची मूठ धरली. दादानं सोडली नाही, ओढाओढीत माझा तळहात कापला. तेव्हा कुठं सोडली.

३ नोव्हेंबर, सोमवार

मी कॉम्प्युटर शिकवते त्या क्लासमध्ये एका पोरीनं रागानं माउस आपटला, मी तिच्या थोबाडीत मारली. तिचे वडील भांडायला आले नाहीत. आमच्या घरी कुणीच येत नाही आता.

दुपारभर लायब्ररीचा कोड वाचला. सापडलं!

प्रोग्राम चालू झाला की लायब्ररी बघते, चालू फाइलला शेवटचा हात कधी लागलाय. आदल्या तारखेला लागला असेल तर त्या तारखेचं नाव देऊन फाइल बाजूला ठेवते आणि नवी सुरू करते. इथवर ठीक. पण त्या नावाची फाइल आधीच असली तर? तर ती जुनी पुसून टाकते. विचारत नाही, सांगत नाही. एका ओळीचं काम.

म्हणजे रविवारी सकाळी मशीन लावलं तेव्हा शनिवारची खरी फाइल नीट बाजूला पडली होती. मग अप्पांनी तारीख मागं घेऊन पोतं मोजलं, नव्या फाइलला शनिवारचाच हात लागला. सोमवारी चालू केल्यावर लायब्ररीनं तिला शनिवारचं नाव द्यायला खऱ्या शनिवारचा गळा कापला. रव्याला मारणारा त्या फाइलमध्ये होता.

घरच्या मशीनवर तारीख मागंपुढं करून बघितलं. दर वेळी पुसते. दर वेळी!

४ नोव्हेंबर, मंगळवार

जीपनं केजला गेले, इंटरनेट कॅफेत बसले. लायब्ररीवाल्यांची पत्रांची एक सार्वजनिक यादी आहे, तिच्यावर बग, म्हणजे कोडमधली चूक, कळवायचा. कुणीही वाचू शकतं. कळवला, दुरुस्तीही जोडली — जुनी फाइल पुसू नका, तिच्याच शेवटी जोडा. ह्या दुरुस्तीला पॅच म्हणतात. त्यांनी तपासून घेतली तर ती लायब्ररीत कायमची बसते आणि बग त्यांच्या नावानिशी मान्य होतो.

मला तेवढंच पाहिजे. लायब्ररी लिहिणाऱ्यांनीच म्हणावं, पुसणारी ही, काट्यावरची माणसं नव्हेत. मग रव्यावरचा चोरीचा डाग जाईल. डाग गेला की जमाव चिडला हे सोंग उरत नाही. सटवा हमाल म्हणालाय, "ताई, म्या बघितलंय समदं. पन चोराच्या बाजूनं बोललं म्हनत्याल." चोर नाही हे ठरलं तर तो साक्ष देईल.

सौम्य लिहिलं तर कोण बघणार, म्हणून कडक लिहिलं. जुन्या तारखांच्या नोंदी गुपचूप नाहीशा होतात, ह्या फाइलींवर भरवसा ठेवता येत नाही, असं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

उत्तर आलं. हेन्रिक नावाचा कुणी आहे, ही फाइलींची बाजू तो सांभाळतो. "प्रिय श्री. शिवांजली" म्हणतोय. कळवल्याबद्दल आभार. पण कॉम्प्युटरची तारीख कुणी मागं का घेईल? हा वापर असाधारण वाटतो.

कॅफेतल्या टेबलावर मूठ आपटली. शेजारचा पोरगा उठून दुसरीकडं बसला.

मग यादीवरच लिहिलं. आमच्याकडं दिवाळीला वर्षाचं पहिलं माप मुहूर्तावर पडावं लागतं. मुहूर्त हुकला तर साल वाईट जातं. पूर्वी वहीत वेळ हातानं लिहायचे, हवी ती लिहायचे. आता वेळ मशीन छापतं, म्हणून मशीनचीच वेळ बदलतात. असाधारण नाही, दर दिवाळीला किती दुकानांत होत असेल कुणास ठाऊक. रक्ताबद्दल लिहिलं नाही. श्री. शिवांजली नव्हे, हेही लिहिलं नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

रव्याचा डावा हात हलला म्हणे. आई दवाखान्यातून फोनवर हसली.

११ नोव्हेंबर, मंगळवार

रव्या गेला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आमच्यात, लिंगायतांत, बसवून पुरतात. खड्ड्यात मांडी घालून बसवलं, विभूती लावली, गळ्यात लिंग. मान ठरत नव्हती. टाक्यांचं डोकं सारखं पुढं पडायचं. दादा खड्ड्यात उतरला आणि स्वामींचे मंत्र होईपर्यंत हनुवटी धरून उभा राहिला. जणू फोटो काढायचाय, नीट बस म्हणून धरलंय. मी वरून बघत होते. माती लोटताना पहिली मूठ दादाच्या हातावरच पडली.

तिथून आल्यावर त्यानं अंघोळ केली नाही. सरळ दुकानात गेला, कत्ती घेतली.

मी दारात आडवी झाले. म्हटलं, माझ्यावरनं जा. त्यानं मला ढकललं, मी उंबऱ्यावर आपटले, परत उभी राहिले. म्हटलं, तू त्याला मारलंस तर रव्या चोर म्हणूनच गेला. कायमचा. लोक म्हणतील, चोराच्या भावानं पुढाऱ्याचा पोरगा मारला. पॅच लागू दे. त्यांनी मान्य केलं की फौजदाराला लिहावंच लागेल.

"आन न्हाई केलं तर?"

म्हटलं, तर मी अडवणार नाही.

शब्द दिला. कत्ती माझ्याकडं. क्लासमध्ये मॉनिटरच्या मागं ठेवली आहे. गुळाला लागलेल्या मुंग्या तिथवर आल्या, की-बोर्डवरून चालतात.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

हेन्रिक लिहितो, मुहूर्ताची गोष्ट त्यानं बायकोला वाचून दाखवली, दोघांना फार आवडली. बग खरा आहे. पण पॅचबरोबर एक चाचणीही हवी — आपोआप चालणारी, आधी चूक दाखवणारी आणि मग दुरुस्ती. ती असल्याशिवाय घेत नाहीत.

दादानं विचारलं, "काय म्हनला?" म्हटलं, खरा आहे म्हणाला, अजून थोडं काम आहे. दादानं पोत्याला लाथ घातली. तूरडाळ सगळ्या दुकानात सांडली, आई गुडघ्यावर बसून गोळा करत राहिली.

१७ नोव्हेंबर, सोमवार

चाचणी लिहून पाठवली. चाचणीत खोटी तारीख द्यावी लागते. मी २५ ऑक्टोबर दिली. ती चालते, फाइल पुसते आणि लाल अक्षरात सांगते — नापास. मग दुरुस्ती लावून चालवली की पास. कितीदा चालवली. लाल, मग हिरवी. दरवेळी वाटतं, हिरवी झाल्यावर दारात रव्या उभा असेल, ताई भूक लागली म्हणत.

आज बाजारात विजयसिंह दिसला. पान खात होता. माझ्याकडं बघून हात जोडले, दुःखात सहभागी आहे अशा थाटात. हातात पेन होतं माझ्या. ते त्याच्या डोळ्यात कसं जाईल एवढंच बघत होते मी. सटवानं मागून हळूच म्हटलं, "ताई, घरी जावा."

१९ नोव्हेंबर, बुधवार

हेन्रिक म्हणतो, चाचणी छान आहे. फक्त एक. तुमच्या कोडमध्ये ओळी आत सरकवायला टॅब वापरलेत. आमच्याकडं नियम आहे, टॅब नको, जागा सोडा. बदलून पाठवाल का?

माणूस मेलाय इकडं. भाऊ कत्ती मागतोय. आणि हा टॅब मोजतोय.

हसू आलं. भयानक हसू आलं, थांबेना. कॅफेवाल्यानं पाणी आणून दिलं. तो ग्लास मी भिंतीवर फोडला. नंतर काचा वेचल्या, टॅब बदलले, पाठवलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

दादा रात्री जेवत नाही, दिवसा कुणाशी बोलत नाही. आज एका गिऱ्हाइकानं, सहज, "रवीचं काय हो, खरंच काट्यात काय करायचा का?" असं विचारलं. दादानं त्याचं तोंड काउंटरवर आदळलं. दात पडला माणसाचा. आईनं त्या गिऱ्हाइकाचे पाय धरले म्हणून तो ठाण्यात गेला नाही.

दादा मला म्हणाला, "शिवा, कत्ती दे. माझा हात कुनावर बी पडायलाय. ज्याच्यावर पडाया पायजे त्याच्यावर पडू दे."

म्हटलं, अजून थोडं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

लागला! पॅच लागला!

हेन्रिकचं पत्र, सार्वजनिक यादीवर, सगळ्या जगाच्या देखत — बग मान्य, दुरुस्ती घेतली, पुढच्या आवृत्तीत येईल. तारीख मागं घेतल्यास ही लायब्ररी आधीची फाइल पुसत असे. वापरणाऱ्याचा त्यात दोष नाही. खाली माझं नाव, आभारासह.

वापरणाऱ्याचा दोष नाही. हे वाक्य जीपमध्ये परत परत वाचलं. प्रिंट पोटाशी धरून आले.

दादाला मराठीत करून सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "त्यो गोरा आपल्या रव्याला चोर न्हाई म्हनला?" म्हटलं, तसंच. दादा दुकानाच्या पायरीवर बसून मोठ्यानं रडला, अंत्यविधीला रडला नव्हता तसा. मग उठून दाढी केली.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

फौजदारानं प्रिंट वाचली, इंग्रजी त्याला येतं. म्हणाला, "हे बरं काम केलंत." माझा पुरवणी जबाब घेतला, प्रिंट कागदाला लावली. सटवानंही जबाब दिला! नावानिशी — टामी कुणाच्या हातात होती, सगळं. अंगठाही उठवला.

२६ नोव्हेंबर, बुधवार

विजयसिंहाला उचललं. बेड्या घालून जीपमध्ये बसवताना सगळ्या मोंढ्यानं बघितलं. आईनं देवापुढं दिवा लावला. मी भात खाल्ला, पोटभर. कत्तीकडं बघितलं तर तिच्यावर मुंग्या नव्हत्या, गूळ संपला बहुतेक.

दादा म्हणाला, "शिवा, तुजंच खरं. म्या गाढव. कायद्यानं लई येळ लागतो, पन व्हतंय."

२९ नोव्हेंबर, शनिवार

दाराला आतून कडी लावून लिहिते आहे.

सकाळी मोंढ्यात पत्रकं वाटली. वर मोठ्या अक्षरात — काटेवाल्यांची कबुली. खाली माझं पत्र. माझंच. यादीवरचं, जगाला उघडं, त्यांच्या वकिलानं काढून मराठीत केलेलं. "जुन्या तारखांच्या नोंदी गुपचूप नाहीशा होतात. ह्या फाइलींवर भरवसा ठेवता येत नाही. — शिवांजली, मयताची सख्खी बहीण." हेन्रिकचं वाक्य नाही. दोष नाही, ते नाही. तारीख मागं घेतो, असाधारण नाही, दर दिवाळीला होतं — ते मात्र आहे, त्याखाली रेघ मारून.

तिकडं चूक उघड सांगणाऱ्याचे आभार मानतात. इथं चूक सांगितली म्हणजे चोरी कबूल केली. हे मला कळायला नको होतं का? ह्याच मोंढ्यात वाढले ना मी?

दुपारी आले. शेतकरी, आपलेच, वर्षानुवर्षं माल घालणारे. काट्याचा कॉम्प्युटर उचलून रस्त्यावर आपटला. अप्पांना ओढून बाहेर काढलं, धोतर फेडलं, चपलांनी मारलं. मग आमच्या दुकानाकडं वळले. दगड, विटा. तेलाचे डबे फोडले, डाळ पायाखाली. आई शटर ओढायला गेली तर वीट कपाळाला लागली. दादानं तिला उचललं, हात उचलला नाही कुणावर. मी उचलला. लोखंडी मापानं एकाचं बोट चेचलं, त्याची किंकाळी ऐकली आणि आणखी एकाचं चेचावंसं वाटलं.

गर्दीत सटवा होता. दगड नव्हता हातात, पण त्यांच्यात उभा होता. मी त्याला हाक मारली. तो म्हणाला, "ताई, तुमीच लिवलंय नव्हं, खोटं हाय म्हनून? मी त्या काट्यावर पोती वाहिली. माज्या भावाची सोयाबीन तिथंच मोजली. आता म्या कुनाच्या बाजूनं बोलू?"

वजन खोटं नव्हतं रे, एका दिवसाची फाइल गेली — हे त्या गर्दीत कसं सांगायचं?

१ डिसेंबर, सोमवार

सटवानं जबाब फिरवला. दाबून लिहून घेतला म्हणाला. फौजदार माझ्याकडं न बघता म्हणाला, आता माझ्या हातात काही नाही.

आईच्या कपाळाला टाके पडले. ती एवढंच म्हणाली, "रवीच्या टाक्याच्या जागीच लागलं गं."

२ डिसेंबर, मंगळवार

हेन्रिकचं पत्र. नवी आवृत्ती निघाली. हजारो मशीनवर तुमचा कोड चालेल म्हणतो. आणखी बग सापडले तर जरूर कळवा.

उत्तर दिलं नाही.

३ डिसेंबर, बुधवार

विजयसिंह जामिनावर सुटला. मिरवणूक काढली आहे, ताशा आमच्या गल्लीकडं येतोय.

मी शब्द पाळला. मॉनिटरमागची कत्ती काढून दादाच्या हातात दिली. त्यानं ती घेतली, बघितली आणि परत माझ्या हातात ठेवली. "न्हाई शिवा. तूच म्हनलीस ना, कायद्यानं. वरच्या कोर्टात जाऊ. माजी लेकरं हायेत गं." आणि आईजवळ जाऊन बसला.

गुलाल उडताना दिसतोय खिडकीतून. तो पुढच्या जीपमध्ये उभा आहे, टपावर हात ठेवून, मान मोकळी. आईनं विचारलं, कुठं निघालीस? दुकानापर्यंत जाऊन येते म्हणून सांगितलं आहे.